कटला गळाला लागेना

२२ ऑगस्ट १९६१

आजही कटला नाही! सकाळपासून तळ्याच्या चारही बाजूंना गळ टाकून झाला. हाती काय — मनगटाएवढी एक मरळ आणि चार दांडवणी. दांडवणी मांजरीला घातल्या. ती पण उपकार केल्यासारखी खात होती.

दोन पावसाळ्यांपूर्वी मत्स्य खात्याच्या ट्रकमधून पत्र्याचे डबे आले होते. कटला आणि रोहूची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी. मी स्वतःच्या हातांनी डबे ओतले. गेली कुठं सगळी? तळं ते केवढंसं! या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वळवते. एवढ्या पाण्यात मासा लपतो तरी कुठं?

खात्याचे सबनीस साहेब उन्हाळ्यात इथे गंजाडला आले होते, तेव्हा म्हणाले, "मुंबईची शौकीन मंडळी चारोटीवरून इकडे गळ टाकायला येतो म्हणतात. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बघतो. मासा गळाला लागला तर तळं ठेवू, तुम्हालाही कायम करू. नाही लागला तर राखण कशाची करायची, सदानंद?" हसत म्हणाले. मी पण हसलो. त्या दिवसापासून रोज गळ टाकून बसतो.

तळं गेलं की मी कुठं जाणार ते ठरलेलं आहे. डहाणूला, थोरल्या भावाच्या, रामूदादाच्या होडीवर. — एवढं लिहिलं आणि हाताला घाम सुटला. शाई पसरली बघ.

खात्याची वही वेगळी. तिच्यात "माशांची वाढ समाधानकारक" असं लिहितो. ही वही माझी, म्हणून हिच्यात खरं लिहितो. मला समुद्राची भीती वाटते. मी दर्यावर जगणाऱ्या मांगेल्याचा पोर, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा. मला समुद्राची भीती वाटते!

२६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

डहाणूला जाऊन आलो. न जाऊन चालतंय होय! देवकी चार दिवसांपासून नवं लुगडं काढून बसली होती.

किनाऱ्यावर गर्दी. होड्यांना पताका, बायका गाणी म्हणतात. दादाने नारळ माझ्या हातात दिला. "सदू, तू टाक. बाबांच्या जागी तूच टाक." गुडघाभर पाण्यात जावं लागलं. लाट आली आणि पायाखालची वाळू सरकली. एवढंच झालं, पायाखालची वाळू थोडी सरकली! माझ्या घशातून आवाज निघाला. नशीब, बाजूला ढोल वाजत होते. नारळ टाकला नाही, हातातून सुटला.

मग दादाने विचारलंच. "खांदा कसा हाय? होडीवर माणूस कमी पडतो रं. लोकाची पोरं घेऊन जातो, नि भाऊ तिकडं डबक्याची राखण करतो."

"वल्हं ओढवत नाही दादा. वर हातच जात नाही." असं म्हणून मी हात अर्धा वर नेला आणि तोंड वाकडं केलं. आता सवय झाली आहे. एकटा असलो तरी डावा हात अर्ध्यावरच थांबतो.

तीन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते. डोळ्यांसमोर होते, मग नव्हते. मी वल्ह्याला मिठी मारून राहिलो, त्यात खांदा निखळला. वैद्याने बसवला. शिमग्यापर्यंत अगदी बरा झाला. पण बरा झाला असं मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला, देवकीलाही नाही.

कसं सांगू? आमच्यात समुद्राची भीती तोंडाने बोलत नाहीत. दर्या ऐकतो म्हणतात. ज्याच्या घरात असं बोललं गेलं त्या घरातल्या माणसाबरोबर खलाशी होडीत बसत नाहीत. म्हणजे मी बोललो की दादाची होडी वाळूवर! मी भित्रा ठरलो तर ठरलो, पण दादाच्या घरात चूल पेटायची कशी? त्यापेक्षा दुखरा खांदा बरा.

२७ ऑगस्ट

परत तळ्यावर. पाणी हलत नाही. किती बरं वाटलं!

२ सप्टेंबर

जिव्या म्हणतो कटला उरलाच नाही. जिव्या पाड्यावरचा म्हातारा, तळ्यातली लहान होडी, डोणी, चालवायला खात्याने त्यालाच धरलं आहे. दिवसभर बेडकाचं पिल्लू गळाला लावून मरळीसाठी बसतो आणि मला धीर द्यायचा सोडून घाबरवतो. "तुझी पिल्लं मरळीनी खाल्ली. मरळ काय सोडती का?"

"सगळी?"

"तिला काय मोजता येतं?"

मला हसू आलं नाही. सांडव्यावरून वाहून गेली असतील, असंही म्हणाला. मागल्या आषाढात सांडवा दोन दिवस धो धो वाहत होता, मी जाळी लावली होती, पण जाळीत झाडपाला अडकला आणि ती एका बाजूने उचकटली. ते मला आठवलं आणि जेवण गेलं नाही. देवकी म्हणाली, "तब्येत बरी नाय का?" म्हटलं, खांदा.

बिचारीने तेल कोमट करून चोळलं. चांगला खांदा! तिला चोळताना बघवत नव्हतं.

९ सप्टेंबर

भलतंच झालं. 

चार दिवस आभाळ दाटलेलं, ऊन नाही, वारा नाही, नुसता उबारा. आज उजाडताना देवकी पाण्याला गेली आणि तिथूनच ओरडली, "आवो! आवो, लवकर या!" मला वाटलं साप. धावलो. बघतो तर सगळं तळं तोंडांनी भरलेलं! मासे वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते, उघडत होते. दांडवणी, मरळी, आणि मध्ये मोठी मोठी काळी डोकी. तोंड वरच्या बाजूला वळलेलं — कटला! माझा कटला! मांडीएवढा एकेक! होता, इथेच होता, इतके दिवस!

क्षणभर मी नाचलो, लहान पोरासारखा. मग लक्षात आलं, हे गुदमरताहेत. पाण्यात हवा उरली नाही, म्हणून वर आले आहेत. आहेत हे कळलं तेच मरायला लागल्यावर! मी काठावर उभा. काय करू सुचेना. ती तोंडं बघवेनात. बाबांचं तोंड असंच पाण्यावर —

नको ते.

जिव्या डोणी घेऊन मधे गेला आणि बांबूने पाणी बडवायला लागला. देवकी कंबरभर पाण्यात उतरून परातीने पाणी उडवत होती. "या ना! हात लावा ना!" मी घोट्यापर्यंत गेलो. गोड्या पाण्यात सुद्धा मला घोट्याच्या वर जाववेना. "खांदा," म्हणालो. ती आणखी जोराने पाणी उडवायला लागली. लाज, नुसती लाज.

१० सप्टेंबर

दुपारी वारा सुटला, मग सर आली. मासे खाली गेले. मेलेले काठाला लागले ते वेचले, बहुतेक लहान होते. कटले तीन. त्यातला एक देवकीला एकटीला उचलत नव्हता. खड्डा करून पुरले.

वाचले असतील का बाकीचे? दिसत तर काही नाही. पाणी परत शांत, आणि आता त्या शांतपणाचीच भीती वाटते.

११ सप्टेंबर

पहाटे उठून बघून आलो. काही तरंगत नाही.

१२ सप्टेंबर

आजही नाही.

२० सप्टेंबर

ऊन पडतं आहे, तेवढी एक काळजी गेली. पण कटला गळाला लागत नाही म्हणजे नाही! आहे हे डोळ्यांनी पाहिलं आहे, मग तोंड का लावत नाही? सोडे लावून झाले. जवळा झाला. डहाणूहून बर्फात घालून ताजी कोळंबी आणवली, तीही झाली. ओल्या बोंबलाचा तुकडा लावला, ज्याच्यामागे समुद्रातले घोळ काय आणि दाढा काय, वेडे होतात. इथे बोंबील तसाच वर आला, धुतलेला, पांढरा. चिमटा सुद्धा नाही!

साहेबांना काय सांगू? "साहेब, मासा आहे पण त्याला भूक नाही"?

दादाचा निरोप आला चारोटीच्या बाजारकऱ्याबरोबर. "दिवाळीनंतर तळ्याचं काय ते ठरल म्हणतात. इकडं जागा हाय." तो भला मनाने सांगतो. मी तो निरोप ऐकला आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

५ ऑक्टोबर

हसावं की डोकं आपटावं!

देवकीचा भात काल करपला. पातेलं तळ्याच्या पायरीवर भिजत ठेवून ती आज घासायला बसली. मी बांधावर गळ टाकून, तोंड पाडून. खरपुडी ती नखाने काढून पाण्यात टाकत होती. आणि तिच्या हातासमोर पाणी हललं. मग एक भलं मोठं तोंड वर आलं, अलगद, आणि करपलेला भात गिळून गेलं. मागून दुसरं आलं. ती सहज म्हणाली, "रोजच येतात की हे. मी भांडी घासायला बसले की येतात."

रोज! रोज येतात! आणि मी महिनाभर पन्नास पावलांवर बसून बोंबील बुडवतो आहे!

आता कळलं. समुद्रात जो तो दुसऱ्याला खाऊन जगतो. रावस, दाढा, घोळ, सगळ्यांना मांस लागतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी गळाला भात लावला नसेल. मी गोड्या पाण्यात येऊन राहिलो, पण गळ समुद्राचाच टाकत होतो. डोक्यात समुद्र एवढा बसला आहे की भात खाणारा मासा असू शकतो हेच सुचलं नाही.

कण्यांचं पीठ आणि भुईमुगाची पेंड मळून गोळी लावली. गळाचा तरंगता बोया पाण्यावर बसतो न बसतो तोच खाली! काठी हातात टिकेना. रोहू! ताटाबाहेर शेपूट गेलं. देवकीला म्हटलं, "तू माझी लक्ष्मी." ती म्हणाली, "करपलेल्या भाताला कोणी असं म्हणत नाय." खूप दिवसांनी दोघं हसलो.

१२ ऑक्टोबर

दुपारी जरा आडवा झालो तर तेच स्वप्न. वल्हं हातातून निसटतं आहे आणि बाबा दोन हातांवर. जागा झालो तो देवकी बाजूला बसलेली.

"पाणी, पाणी करत होता तुमी."

मी उठून बसलो.

"नेहमी करता. दर्या आठवतो ना?"

 "हो," म्हटलं. खोटं नाही ते. आठवतो.

तिने माझ्या केसांतून हात फिरवला. "माझ्यापासून लपवू नका. मला कळतं सगळं."  कळलं की काय? पण ती पुढे म्हणाली, "होडीवर वाढलेला माणूस असा कोंडल्यावर काय होणार. संध्याकाळी त्या पाण्याकडं बघत बसता ना, माझ्या जिवाला लागतं."

सुटलो! तिला भलतंच कळलं आहे. असू दे.

२८ ऑक्टोबर

रोज त्याच जागी, पायरीच्या पुढे, कण्या आणि पेंड टाकतो. मासा जागा धरायला लागला आहे. आज एक कटला लागला, जिव्याने झेल्यात, हातजाळीत घेतला, बघितला, परत सोडला. जिव्या आता म्हणतो, "मी बोललोच होतो, मासा हाय." वा रे वा!

तरी भीती जात नाही. साहेबांच्या दिवशीच आभाळ आलं तर? साहेबांच्या दिवशीच मासे गुदमरले तर? त्यांना काठावरून टाकायचा नसेल, मधे जायचं असेल तर? — हे शेवटचं मनात आलं आणि बसलो होतो तिथून उठलो. जिव्या आहे ना. डोणी जिव्या नेईल.

८ नोव्हेंबर

दिवाळी. पाड्यावर तारपा वाजतो आहे. देवकीने घारगे केले. साहेब रविवारी येणार असा सांगावा आला. मी एकच घारगा खाल्ला.

१२ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहून ठेवतो.

साहेब जीपने आले. बरोबर दोर गुंडाळायच्या चाकाची गळाची काठी, डोक्यावर टोपी. पायरीवर बसले नाहीत. "छे, छे! मुंबईची माणसं मधेच जाणार. डोणी काढा." जिव्याला हाक मारली तर जिव्या नाही. भात झोडायला गेलेला! आजच!

"तुम्ही आहात ना," साहेब म्हणाले. "समुद्रावरचा माणूस, तुम्हाला हे तळं म्हणजे काय, न्हाणीघर!" आणि चढून बसले. देवकी बांधावरून बघत होती.

मी चढलो. कसा चढलो ते मला माहीत नाही. डोणी डुगडुगली तेव्हा डोळ्यांसमोर काळं आलं. बांबू रेटला. साहेब बोलत होते ते कानात शिरत नव्हतं. पाणी बघायचं नाही, बांबू बघायचा, एवढंच मनात. मध्यावर आल्यावर बांबू तळाला लागेना. तिथे मला वाटलं, आता ओरडणार. दात आवळून धरले. मूठभर कण्या टाकल्या, गोळी लावून दिली आणि देवाचं नाव घेतलं.

बोया बुडाला! साहेबांची काठी वाकली, चाक किरकिरलं. डोणीभोवती दोन फेऱ्या मारल्या माशाने. मी झेल्यात घेतला तेव्हा पाणी माझ्या तोंडावर उडालं. कटला! साहेब लहान पोरासारखे ओरडत होते. मागोमाग रोहू. मग परत कटला. "सदानंद, मुंबईत सांगतो मी, असं तळं नाही! अरे, तुमचा हात काय, नजर काय! समुद्रावर कसे असाल हो तुम्ही!"

तेव्हा कोण जाणे काय अंगात आलं. भीती उलटून फुशारकी झाली. म्हणालो, "साहेब, आमची पोरं रांगायच्या आधी वल्हं धरतात." असं मी म्हणालो! पाय डोणीच्या तळाशी लटपटत होते आणि तोंड हे बोलत होतं.

काठाला लागल्यावर मी मासे धुवायला बसलो. धुऊन झाले तरी तिथेच बसून राहिलो. साहेब जेवले. देवकीने कटल्याचं कालवण केलं होतं. लांबून बघितलं, ती पदर सावरून काहीतरी सांगत होती, साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तळं पक्कं. तुमचंही बघतो मी."

तळं पक्कं!

१३ नोव्हेंबर

दहा तास झोपलो. स्वप्न नाही.

देवकीला विचारलं, काल साहेबांना एवढं काय सांगत होतीस? म्हणाली, "काय नाय. कालवणाला कोणता मसाला ते विचारत होते." आणि गालात हसली. खुशीत आहे. मी पण आहे. आज गुडघाभर पाण्यात गेलो, मुद्दाम. उभा राहिलो. काही झालं नाही.

१९ नोव्हेंबर

बांधावर वांगी लावावीत का? देवकीला विचारायला पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात सांडव्याला लोखंडी जाळी बसवायची. आता इथंच राहायचं म्हणजे सगळं नीट करू.

२५ नोव्हेंबर

तलासरीहून परतताना साहेब थांबले. तळं राहिलं. राखण आता जिव्या करील. मला बढती. खात्याची नवी लाँच डहाणूला येते आहे, मी तिच्यावर. "खांद्याची काळजी नको, सदानंद. हिला वल्हं नाही, इंजिन आहे!"

देवकी रडत होती. आनंदाने. "मीच घातलं साहेबांच्या कानावर. झोपेत सुद्धा दर्या दर्या करता तुमी. किती दिवस मन मारायचं माणसानं?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "साहेब, उपकार झाले."

सोमवारी हजर व्हायचं. देवकी नारळ आणायला गेली आहे.